आनंदाबाईंचा कोर्टातला बुधवार

मी पटकथा लिहितो. म्हणजे नोकरी आर्वीच्या एका महाविद्यालयात वरिष्ठ लिपिकाची आहे, राहतो वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत, आणि गेली एकोणीस वर्षं एसटीने अप-डाऊन करतो. पण व्यवसाय काय म्हणून कोणी विचारलं, तर ‘लेखन’ असं सांगायची माझी तयारी असते. कोणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

कॉलेजात असताना माझ्या एकांकिकेला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. त्या उत्तेजनाचा परिणाम अजून उतरलेला नाही. त्याच जोरावर मी सहा वर्षं खपून एकशे बारा पानांची पटकथा लिहिली. ती स्वित्झर्लंडमध्ये घडत होती. बर्फ मी फ्रीजमध्येच पाहिलेला, पण वर्णन करताना हात आखडता घेतला नव्हता. आमच्या गल्लीतला निशांत मुंबईत मालिका बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला आहे. दिवाळीला तो घरी आला तेव्हा मी ते बाड त्याच्या हातात दिलं. त्याने बिचाऱ्याने वाचलं. चार दिवसांनी आला, चहा घेतला, बराच वेळ माझ्या बायकोच्या चकल्यांचं कौतुक केलं आणि मग म्हणाला, “काका, यातलं कोणी जेवतच नाही. कोणी गाडीची वाट पाहत नाही. आणि आपल्या ओळखीचं कोणीही असं बोलत नाही. तुम्ही रोज शंभर किलोमीटर एसटीत बसता. तिथलं काही लिहा ना.”

मला राग आला. दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून एक जाड वही आणली आणि साडेआठच्या आर्वी गाडीत बसून आजूबाजूच्या आयुष्याचं निरीक्षण सुरू केलं.

निरीक्षणाचा पहिला परिणाम असा झाला की सगळ्यांनी माझं निरीक्षण सुरू केलं. मी कंडक्टर रक्षाताईंच्या बोलण्याची टिपणं घेतो आहे हे लक्षात आल्यावर त्या एकदम ‘कृपया पुढे सरकावे’ असं छापील मराठी बोलायला लागल्या. मी एसटीच्या तपासणीवर आहे, असा समज गाडीत पसरला. एका गृहस्थाने खिडकीची काच लागत नसल्याची तक्रार माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून खाली सही ठोकली. पंधरा दिवसांत माझ्याकडे अकरा तक्रारी जमल्या आणि एकही संवाद जमला नाही.

अशात आनंदाबाई मला भेटल्या. भेटल्या म्हणणंही चूक आहे, कारण त्या वर्षभरापासून दर बुधवारी आंजीला याच गाडीत चढत होत्या. मी स्वित्झर्लंडमध्ये असल्यामुळे मला दिसल्या नव्हत्या.

बासष्ट वर्षांची बाई, किरकोळ बांध्याची, नऊवारीतून अलीकडेच पाचवारीत आलेली. हातात कापडी पिशवी, पिशवीत भाजी-भाकरीचा डबा आणि पाण्याची बाटली. आंजीला त्यांची शेती, मुलगा मुकेश ती करतो. सकाळी जाताना त्या गप्प असायच्या. संध्याकाळी सव्वापाचच्या परतीच्या गाडीत मात्र मागच्या सीटवरच्या बाया त्यांच्यासाठी जागा धरून ठेवायच्या. गाडीने आर्वी सोडली की आनंदाबाई सांगायला लागायच्या, आणि आंजीचा फाटा येईपर्यंत अर्धी गाडी मान वळवून ऐकत बसायची.

त्या दिवसभर आर्वीच्या कोर्टात बसून यायच्या. त्यांची कोर्टात केस नव्हती. शेजाऱ्याच्या धुऱ्याच्या भांडणात, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाच्या वादात, एकदा त्यांना साक्षीला बोलावलं होतं. साक्ष तीनदा पुढे गेली. तीन दिवस बाकावर बसून त्यांनी दुसऱ्यांची प्रकरणं ऐकली आणि त्यांना ते आवडलं. पुढे शेजाऱ्यांची तडजोड झाली, साक्षीची गरजच उरली नाही, पण आनंदाबाईंचं जाणं राहिलं. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालेलंच होतं. कोर्ट सगळ्यांना उघडं असतं, मागच्या बाकावर बसून ऐकायला कोणाची परवानगी लागत नाही, हे त्यांनी तिथल्या शिपायाला विचारून घेतलं होतं. मुकेशला मात्र याची लाज वाटायची. आईला गुडघ्यावर शेक घ्यायला आर्वीला जावं लागतं, असं त्याने गावात सांगून ठेवलं होतं. त्यामुळे आनंदाबाईंना फाट्यावर उतरल्यावर घरापर्यंत थोडं लंगडावं लागायचं.

त्यांचा एक नियम होता. नाव कोणाचं सांगायचं नाही, गावही नाही. “एक होता म्हणायचं, बस,” असं त्या म्हणायच्या.

मी ऐकलेली पहिली गोष्ट दोन शेतकऱ्यांची होती. धुऱ्यावरच्या एका आंब्याच्या झाडावरून त्यांचं नऊ वर्षं भांडण चाललं होतं. दोघं तारखेला यायचे ते एकाच मोटारसायकलवर, कारण एकाकडे गाडी होती आणि दुसऱ्याला रस्त्यातला दवाखाना माहीत होता, जिथे दोघांचीही बीपीची गोळी मिळायची. कोर्टात एकमेकांची सात पिढ्यांची लाज काढायचे आणि पुन्हा डबलसीट घरी. ही गोष्ट आनंदाबाईंनी तीन बुधवार पुरवली. तिसऱ्या बुधवारी त्या म्हणाल्या, “अन् त्या दिवशी दोघं अलग अलग गाडीनं आले,” आणि तेवढ्यात आंजीचा फाटा आला. त्या पिशवी घेऊन उतरून गेल्या. मला आठवडाभर चैन पडलं नाही. पुढच्या बुधवारी कळलं की वादळात झाड पडलं होतं. आता भांडायला काही उरलं नव्हतं, म्हणून सोबत यायलाही काही उरलं नव्हतं.

रक्षाताई तिकिटं द्यायच्या थांबल्या होत्या.

मी घरी जाऊन ती गोष्ट लिहिली. लिहिताना मला वाटलं की हिच्यात थोडं नाट्य कमी आहे, म्हणून झाडाखाली एक खून घातला. मग खून कोणी केला हे शोधायला इन्स्पेक्टर आणावा लागला. दहाव्या पानापर्यंत तो इन्स्पेक्टर गॉगल लावून हेलिकॉप्टरमधून उतरत होता. सुधा, माझी बायको, शाळेत मराठी शिकवते. तिने पानं वाचली आणि विचारलं, “आंब्याचं पुढे काय झालं?” आंबा मी दुसऱ्या पानावरच विसरलो होतो.

मग मला वाटलं की खरी गोष्ट आनंदाबाईंच्या गोष्टींत नाही, आनंदाबाईंमध्येच आहे. ही बाई कोर्टात का जाते? मी त्यांच्या शेजारी बसायला लागलो. हळूहळू कळलं. वडील गेल्यावर त्यांनी माहेरच्या शेतीवरचं हक्कसोडपत्र भावाला लिहून दिलं होतं. बारा वर्षं झाली त्याला. भाऊ महादेवराव त्यांना उपनिबंधक कार्यालयात घेऊन गेले, सही झाली, बाहेर दोघांनी आलूबोंडा खाल्ला, भावाने नवं लुगडं दिलं. कागदात काय लिहिलं होतं, ते कोणी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. चौथी शिकलेल्या आनंदाबाईंना सही येत होती, तेवढी पुरली.

बस, मला माझी नायिका सापडली. महिनाभरात मी ब्याण्णव पानं लिहिली. त्यात झुपकेदार मिशांचा क्रूर भाऊ होता. लुगड्याचं आमिष होतं. त्या लुगड्याच्या प्रसंगावर माझी लेखणी अशी पेटली होती की लिहिताना मी स्वतःशीच दात-ओठ खात होतो. शेवटी नायिका भर कोर्टात उभी राहते, न्यायाधीशांकडे बोट करून सात मिनिटं बोलते, सगळं कोर्ट रडतं आणि तिला सात एकर परत मिळतात.

ज्यांची गोष्ट आहे त्यांना वाचून दाखवावी, एवढी माणुसकी माझ्यात होती. शिवाय कौतुक ऐकायची हौसही होती. एका रविवारी मी आंजीला त्यांच्या घरी गेलो. अंगणात आनंदाबाई सुपात तूर पाखडत होत्या. मुकेश खुर्ची घेऊन बसला. मी सव्वा दोन तास वाचलं. न्यायाधीशांचे संवाद वेगळ्या आवाजात वाचले. मुकेशला गोष्ट आवडली, फक्त त्यात मुलाचं काम वाढवता येईल का, असं त्याने विचारलं.

आनंदाबाईंनी तूर संपवली, सूप भिंतीला टेकवलं.

“माह्या भावाले मिशा नाईत,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मावशी, ते बदलता येईल.

“अन् कोर्टात असं उभं राहून कोणी बोललं तं बाहेर काढते. मले एकडाव काढलं होतं, मोबाइल वाजला म्हून. साह्यबाले बोट दाखवलं तं विचारूच नका.” मग त्यांनी विचारलं, “तुमाले कोणं सांगतलं मी जमिनीसाठी जातो म्हून?”

मी म्हटलं, मग कशासाठी?

तेव्हा त्यांनी जे सांगितलं, ते मी जमेल तसं देतो. एका बुधवारी कोर्टात कोणाच्या तरी प्रकरणात एक हक्कसोडपत्र मोठ्याने वाचलं गेलं. ‘मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या मर्जीने’ असे शब्द होते. आनंदाबाईंना वाटलं, आपणही अशाच कशावर तरी सही केली होती की काय. त्या दिवशी त्या परतीच्या गाडीतून आंजीच्या बऱ्याच अलीकडे, खरांगण्याच्या फाट्यावर उतरल्या आणि चालत माहेरी गेल्या.

“तो म्हणे, आता काऊन काढून राह्यली तू ते? मी म्हटलं, मले काई नाई पायजे. फकस्त वाचून दाखव. त्यानं पेटीतून कागद काढला, चष्मा लावला. वाचाले लागला. ‘राजीखुशीनं’पाशी आला अन् थांबला. मी म्हटलं, वाच ना. तो म्हणे, घशात काईतरी अडकलं. वहिनीनं पाणी आणलं. पाणी पेला. मंग पुन्हा पयलेपासून वाचलं, शेवटलोक.”

“मग?” मी विचारलं.

“मंग त्यानं घडी घातली. मी म्हटलं, बरं झालं, समजलं आता.”

“आणि जमीन?”

“जमीन कुठी जाते? हाये तिथंच.” त्या जरा हसल्या. “मले फाट्यावर सोडाले आला तो. बारा वर्सांत पयल्यांदा. नाईतर मी पायीच येतो. गाडी येईलोक उभा राह्यला.”

“मग?”

“मंग गाडी आली.”

मी माझी ब्याण्णव पानं पिशवीत घातली. न्यायाधीशांचा आवाज काढल्याची इतकी लाज वाटत होती की मुकेश फाट्यापर्यंत सोडायला येतो म्हणाला, तर मी नको म्हणून चालतच निघालो.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी लवकर उठून मी तेवढाच प्रसंग लिहिला. एक भाऊ, एक बहीण, एक कागद, पाण्याचा एक ग्लास. चार पानं झाली. बारा वेळा लिहून चारच. हेलिकॉप्टर उतरायला जागाच नव्हती. मग मी ती सुधाला दिली आणि समोर बसून राहिलो.

तिने दोनदा वाचली. मला वाटलं, डोळ्यात पाणी येणार. ती म्हणाली, “हा ‘राजीखुशीने’ शब्द तुम्ही मोहिनीच्या कागदात पण घातला होता ना?”

मोहिनी माझी धाकटी बहीण. पुलगावला शाळेत शिकवते. पिपरी मेघेतलं घर आमच्या वडिलांनी बांधलं. ते गेल्यावर मोहिनीने त्या घरावरचं हक्कसोडपत्र मला लिहून दिलं. लिहून दिलं हाही शब्द चुकीचा, लिहिलं मी. वकिलाला कशाला त्रास, मजकूर मीच करतो, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. दोन पानांचा झाला होता. कार्यालयातल्या माणसाने वाचून म्हटलं होतं, “मजकूर पक्का आहे, कोणी केला?” त्या वाक्यावर मी पुढचे सहा महिने जगलो होतो. आयुष्यात मी इतकं लिहिलं, त्यातला सरकारी शिक्का बसलेला आणि कायमचा जतन होणारा एकच मजकूर तो आहे.

मोहिनी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. सही उभ्याउभ्याच केली. बाहेर मी तिला उसाचा रस पाजला. लुगडंही दिलं नव्हतं. म्हणजे मी ज्याला झुपकेदार मिशा चिकटवल्या होत्या, तो माणूस माझ्यापेक्षा एका लुगड्याने बरा होता.

फाइल काढली. मी कारकून असल्यामुळे ती लगेच सापडली, वर अनुक्रमणिकेसह.

पुढच्या रविवारी पुलगावला गेलो. मोहिनीला वाटलं, कोणी आजारी आहे. मी म्हटलं, तुला एक वाचून दाखवायचं आहे. ती म्हणाली, पटकथा असेल तर आधी जेवून घेऊ. जेवलो. मग मी कागद काढला आणि वाचायला लागलो. घशात माझ्या काही अडकलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. उलट तिसऱ्या ओळीला मला मजकूर आवडायला लागला होता. दुसऱ्या पानावर तिने मला थांबवलं.

“दादा, हे सगळं मी बोलतेय ना यात? ‘मी लिहून देते की’, ‘मी राजीखुशीने’...”

मी हो म्हटलं.

“मी अशी बोलते का कधी?”

ती चिडलेली नव्हती. उठून तिने ताटं उचलली, आत गेली, आणि आतूनच म्हणाली की तेव्हा विचारलं असतं तर कदाचित हो म्हणाले असते, पण कोणी विचारलंच नाही. मग बाहेर येऊन तिने त्या दोन पानांतल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका दाखवल्या. त्यातली एक ‘स्वेच्छेने’मध्ये होती.

मी विचारलं, मग आता काय करायचं? ती म्हणाली, मला विचार करू दे.

बुधवारी गाडीत आनंदाबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या बुधवारी मी परतीच्या गाडीत चढलो, तर मागच्या सीटवर गोष्ट सुरू झालेली होती. “एक होता कारकून. त्याले लेहाची भारी हौस.” उसाच्या रसापर्यंत आल्यावर सगळी गाडी हसली. मीही हसलो, कारण तो प्रसंग त्यांनी फार छान जमवला होता; कारकून आपल्याच मजकुरावर खूश होतो तिथे त्या नेमकं अर्धं वाक्य बोलून थांबल्या. मी वही काढायला गेलो, मग राहू दिली.

ती चार पानं मी निशांतला पाठवली. त्याला मनापासून आवडली. त्याने ती कंपनीत दाखवली. कंपनीचं म्हणणं आलं की बहिणीचं पात्र चांगलं आहे, फक्त तिने शेवटी कोर्टात उभं राहून काही बोलायला हवं. पाच-सात मिनिटं चालतील. माझ्याकडे असा प्रसंग तयार होता, ब्याण्णव पानांच्या गठ्ठ्यात, न्यायाधीशांसकट. मी दोन दिवस विचार केला, हे कबूल करतो. मग नाही म्हणून कळवलं. ते ‘ठीक आहे’ म्हणाले. इतक्या लवकर म्हणाले की मला थोडं वाईटच वाटलं.

मोहिनीचा फोन सव्वा महिन्याने आला. तिला घरावर नाव हवं होतं. राहायला यायचं नाही, विकायचं नाही, पण कागदावर आपलं नाव असावं, असं तिला विचारांती वाटलं होतं. सुधा माझ्या शेजारीच बसली होती, मला उत्तर द्यायची संधी मिळायच्या आत ती फोनवर ‘बरं केलंस’ म्हणून मोकळी झाली. आम्ही तिघं वकिलाकडे गेलो. त्यांनी सांगितलं की हक्कसोड झालेली असल्यामुळे आता भावाने बहिणीला तिच्या हिश्शाचं बक्षीसपत्र करून द्यावं, हाच सोपा मार्ग.

“कसलं पत्र?” मोहिनीने विचारलं.

वकिलांनी पुन्हा सांगितलं.

“माझ्याच वाट्याचं मला बक्षीस?”

वकील म्हणाले, ताई, कायद्यात याला हाच शब्द आहे. मी सुचवलं की मजकूर मी करून बघतो, शब्द जरा सौम्य करता येईल. दोघींनी माझ्याकडे एकदमच पाहिलं.

मसुदा वकिलांनी केला. मोहिनी तो पुलगावला घेऊन गेली आहे. तीन आठवडे झाले. परवा मी फोन केला, तेव्हा म्हणाली की अजून दुसऱ्याच पानावर आहे, आणि लाल पेन संपत आलंय.